शिसे, मोहरी आणि माठाची भाजी

बंगळूरच्या इंदिरानगरात माझ्या एका स्नेह्यांचे घर आहे. वाहत्या रस्त्यालगत बैठे घर आणि पुढे दहा-बारा हात रुंदीचा मातीचा पट्टा. घरातल्या आजी तेथे माठ, मेथी, मोहरी लावतात आणि मोहरीचा कोवळा पालाही भाजीला घेतात. मागे मी तेथे उतरलो असता त्यांनी मला विचारले, "मोहरी जमिनीतले शिसे ओढून घेते म्हणतात. मग आमची माती आपोआप शुद्ध होईल, नाही का?" उत्तर देताना माझी तारांबळ उडाली, कारण मोहरीने शिसे ओढलेच, तर ते जावयाचे कोठे? आजींच्याच ताटात!

शिशाचा संशय निराधार नव्हता. आपल्या देशात २००० सालापर्यंत पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळीत असत. गाड्यांच्या धुरातून ते रस्त्याकडेच्या मातीवर बसे. पुढे पेट्रोल बदलले. परंतु शिसे हे मूलद्रव्य असल्याने ते कुजत नाही, विरत नाही. मातीच्या वरच्या थरात ते पिढ्यान्‌पिढ्या पडून राहते आणि त्याचा पहिला तडाखा बसतो तो अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांच्या मेंदूला.

वनस्पती धातू साठवितात, ही मात्र कल्पित कथा नव्हे. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक वृक्ष आहे. त्याचा चीक निकेलमुळे निळसर हिरवा दिसतो आणि वाळविलेल्या चिकात सुमारे चौथा हिस्सा निकेल भरते! २००१ साली फ्लोरिडातील संशोधकांनी दाखविले, की 'टेरिस व्हिटाटा' नावाचा नेचा मातीतला सोमल आपल्या पानांत साठवितो. हा नेचा आपल्याकडेही जुन्या चुनेगच्ची भिंतींच्या फटींत उगवतो. आपण त्याला तण समजून उपटून टाकतो.

शिशाची गोष्ट मात्र निराळी. ते मातीच्या कणांना घट्ट धरून बसते. मुळांना सहजी सापडत नाही. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोहरीवर प्रयोग झाले. त्यांत शिसे सुटे करणारे रसायन मातीत घातल्यावरच ते पानांत भरपूर चढले. पण सुटे झालेले शिसे पावसाबरोबर खालच्या पाण्यातही उतरू शकते. शिवाय थोडा हिशेब पाहा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या वीत-दीड वीत थरात सुमारे २६०० टन माती असते. तीत टनामागे १०० ग्रॅम जादा शिसे धरले, तर एकूण २६० किलो झाले. एका पिकाचा वाळलेला पाला १० टन आणि त्यातही टनामागे १०० ग्रॅम शिसे मानले, तरी एका पिकागणिक निघाले अवघे एक किलो. वर्षाला दोन पिके घेतली, तरी १३० वर्षे झाली! आणि तो पाला खतात गेला, की शिसे पुन्हा मातीतच. जाळला, तर राखेत.

इंदिरानगराच्या दक्षिणेस, दोमलूरकडील नाल्यांचे पाणी ज्या बेळंदूर तळ्यात जाते, तेथेही हाच पेच आहे. २०१७ साली या तळ्यातून धूर निघाल्याचे आपण वाचले असेल. जलपर्णी पाण्यातले शिसे, कॅडमियम खरोखरच शोषते. परंतु उपसलेली जलपर्णी काठावर कुजू दिली, तर सारे श्रम फुकट.

आजींना मी इतकेच सांगितले, की आधी मातीची तपासणी करून घ्यावी, तोवर तेथील पालेभाजी खाऊ नये, आणि पट्ट्यावर दाट हरळी लावावी, म्हणजे धूळ उडणार नाही. माठ-मेथी गच्चीवर नव्या मातीच्या कुंड्यांत न्यावी. सारे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग फाटकाजवळच्या कढीलिंबाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्याला मात्र मी हात लावू देणार नाही. पाने धुऊन घेईन." मी मान डोलावली.