शाई फिरवलेली पुस्तके



दुसऱ्या महायुद्धात हरलेला जपान पुन्हा उभा राहिला, त्याचे श्रेय बहुधा तेथील कारखान्यांना दिले जाते. मी पडलो शिक्षक. माझ्या डोळ्यांपुढे त्यांची वर्गखोली येते.

15 ऑगस्ट 1945 रोजी सम्राटांनी रेडिओवरून शरणागती जाहीर केली. सप्टेंबरात शाळा पुन्हा सुरू झाल्या. नवी पुस्तके छापायला कागद कुठला? तेव्हा शिक्षण मंत्रालयाच्या हुकुमाने मुलांनीच हाती कुंचला घेऊन जुन्या पुस्तकांतील युद्धाचा गौरव करणाऱ्या ओळींवर काळी शाई फिरवली. कोणत्या ओळी पुसायच्या हे सांगणारे गुरुजी कोण? कालपर्यंत त्याच ओळी पाठ करून घेणारे! त्यांनी मुलांच्या नजरेला नजर कशी दिली असेल, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

31 डिसेंबरला अमेरिकन सेनाधिकाऱ्यांनी नीतिपाठ, इतिहास व भूगोल हे विषयच थांबवले. परक्यांचा अंमल, दुसरे काय! परंतु 1947 चा मूलभूत शिक्षण कायदा जपानच्याच संसदेने संमत केला, आणि त्या एप्रिलपासून सहा वर्षांचे सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे झाले. शहरे तर बॉम्बहल्ल्यांत जळालेली. कुठे व्हरांड्यात, कुठे उघड्या आकाशाखाली वर्ग भरले. मुलांच्या पोटात पुरेसे अन्नही नव्हते. तरी वर्ग भरले.

28 एप्रिल 1952 रोजी परकीय अंमल संपला. 1947 साली पहिलीत बसलेली मुले तेव्हा नुकतीच सहावीत गेली होती.