दगडातलं सिमेंट

'बोअर फेल गेली' हे वाक्य आम्हा वाशिंदकरांच्या चांगलंच ओळखीचं आहे. मुंबईची तहान भागवणारे भातसा आणि तानसा तलाव आमच्याच शहापूर तालुक्यात. तरी उन्हाळ्यात इथले कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. या फेल बोअरकडे मी आज तेलविहिरीच्या वाटेने जाणार आहे.

तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठत नाही. ते वालुकाश्मासारख्या दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. वाळूचे कण जोडून ठेवतात ती पाण्यातून साचलेली खनिजं. हे निसर्गाचं सिमेंट. ते सिलिकेचं असेल तर दगड कठीण. खोदाईचं टोक लवकर झिजतं. कॅल्साइटचं असेल तर आम्लाने विरघळवता येतं. सिमेंट फारच कमी असेल तर तेलाबरोबर वाळूही वर येते. सगळ्यांत दगाबाज चिकणमाती. तिच्या काही जाती गोड्या पाण्याने फुगतात आणि विहिरीलगतची छिद्रं बुजतात. मग आत तेल असूनही विहीर कोरडी वाटते.

म्हणून चाचणीत तेल किती आलं एवढंच पाहत नाहीत. विहीर काही काळ वाहू देतात, मग बंद करून दाब कसा चढतो ते मोजतात. मुळात खडकच घट्ट, की फक्त विहिरीची कड बुजली, हे त्यावरून उमगतं.

आपल्याकडे काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्या पुष्कळ ठिकाणी झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटीने भरल्या. पाण्याला वाट उरली ती मुख्यतः भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून. खोदाईच्या भुकटीने त्या भेगाही बुजू शकतात.

बोअरसाठी कुणी दागिना मोडलेला असतो, कुणी कर्ज काढलेलं असतं. तेव्हा गाडी परत जाण्याआधी कॉम्प्रेसरच्या हवेने बोअर नीट धुऊन घ्या. किती फुटांवर कसली भुकटी निघाली, त्याचे नमुने ठेवा. पाणी लागलं तर पंप काही तास चालवा. पातळी किती उतरली आणि बंद केल्यावर किती वेळात चढली, ते वहीत लिहा. शेजाऱ्याला पुढची बोअर घेताना ती वही उपयोगी पडेल. एवढं केल्यावरही पाणी नसेल, तर मग खुशाल 'फेल' म्हणा.