तंबोऱ्याची निवड

तंबोरा विकत घ्यावयास निघालेला गृहस्थ बहुधा तो डोळ्यांनी विकत घेतो. दुकानात भिंतीला टेकून वाद्ये ओळीने उभी असतात; कोणाच्या भोपळ्यावर वेलबुट्टी कोरलेली, कोणाच्या दांडीवर पांढरी पट्टी बसविलेली, कोणाला असे झगझगीत पॉलिश की त्यात पाहणाऱ्याचे तोंड दिसावे. या सर्वांत जे दिसावयास उत्तम ते वाजावयासही उत्तम असेल, अशी समजूत करून घेणे स्वाभाविक आहे. घरी आल्यावर महिना-दोन महिन्यांत कळते की, खर्जाची तार नुसती खडखडते, खुंटी रात्रीतून उतरते आणि मुलगी गावयास बसली की तिचा गळा ताणला जातो. मग दोष मुलीच्या गळ्याला किंवा शिक्षकांच्या शिकवणीला दिला जातो. तंबोऱ्याला कोणी देत नाही.

बुलढाण्याजवळचे देऊळघाट घ्यावे. पैनगंगा ज्या डोंगराळ मुलखात उगम पावते त्याच बाजूचे हे गाव. अशा गावच्या एखाद्या घरात मुलीचा आवाज चांगला आहे, तिला रीतसर गाणे शिकवावे, असे ठरले म्हणजे वाद्याचा प्रश्न लवकरच उभा राहतो. पेटी सहज मिळते. पण पेटीचे स्वर ठरीव, आणि गळ्याला लागणाऱ्या सूक्ष्म श्रुती तिच्यापाशी नाहीत. याच कारणावरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला आपल्या केंद्रांवर मज्जाव केला होता, आणि तो तीस वर्षे टिकला. ही बंदी अतिरेकीच होती. पेटीने महाराष्ट्रात घरोघर गाणे नेले हे विसरून चालणार नाही. तथापि गळा घडविण्याचे काम तंबोऱ्याचे, आणि तो घ्यावयाचा तर मिरजेचा, हे उत्तर देऊळघाटच्या घरीही ठाऊक असते. बुलढाण्याला रेल्वे नाही; मलकापूरला उतरून आगगाडी धरावी लागते, आणि तेथून मिरज महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. इतका प्रवास करून, घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे घेऊन जाणाऱ्याने काय पाहावे, हा येथील विषय आहे.

मिरजेला हा धंदा कसा आला, ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे. तलवारी आणि शस्त्रे घासूनपुसून धारदार करणारे शिकलगार संस्थानी अमदानीत तेथे होते. शस्त्रांचे दिवस सरले. १८५०च्या सुमारास फरीदसाहेब या शिकलगाराने सतार-तंबोरे दुरुस्त करण्यास व पुढे नवे बनविण्यास आरंभ केला आणि पटवर्धन संस्थानिकांनी त्याला आश्रय दिला. पोलादाची पारख असलेला हात तारेकडे वळला, एवढेच नव्हे, तर त्या घराण्यांना पुढे ‘सतारमेकर’ हे आडनावच पडले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस राहू लागले तेव्हा या कारागिरांना एक फार कडक गिऱ्हाईक मिळाले. खाँसाहेब स्वतः वाद्य उलगडून दुरुस्त करणारे. जवारी स्वतःच्या हाताने काढणारे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, त्या श्रुतींच्या प्रयोगांत गळा खाँसाहेबांचा होता. १९३७ साली ते वारले. त्यांची कबर मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि दरवर्षी तेथे गवई हजेरी लावतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नाव सुरक्षित झाले. पण मिरजेत बनलेला प्रत्येक तंबोरा चांगलाच असतो, असा त्याचा अर्थ कोणी करू नये.

चांगला कारागीर गिऱ्हाइकाला प्रथम एकच प्रश्न विचारतो: “गाणार कोण, साहेब?”

“मुलगी.”

“वय? पट्टी कोणती?”

आणि येथेच देऊळघाटचे गृहस्थ बहुधा अडखळतात. वय माहीत असते, पट्टी माहीत नसते. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा षड्ज पेटीच्या कोणत्या पट्टीवर आहे ते. पुरुषांचा षड्ज बहुधा काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास असतो. बायकांचा काळी चार, काळी पाच यांच्या बाजूस. तंबोऱ्याची लांबी या हिशेबाने ठरते. पुरुषी तंबोरा सुमारे पाच फूट उंच आणि त्याच्या भोपळ्याचा घेर चार फुटांच्या पुढे. बायकी तंबोरा त्याहून आटोपशीर. हा फरक दिसण्यासाठी केलेला नाही. काळी एकच्या षड्जाला सेकंदास सुमारे १३९ कंपने होतात, काळी पाचच्या षड्जाला सुमारे २३३. लांब तंबोऱ्याची तार काळी पाचपर्यंत चढवीत नेली तर ती तुटते, अथवा तुटावयास येऊन कर्कश होते. उलट, आखूड तंबोरा खाली उतरविला तर तार ढिली पडून तिचा नाद लुळा होतो. तारांची जाडी बदलून थोडे सावरता येते, फार नाही. म्हणून मुलीसाठी निघालेल्या बापाने भावासाठीही पुढे उपयोगी पडेल असा मोठा तंबोरा घेणे हा दोघांचाही तोटा होय. मुलगी त्या वाद्याच्या सोयीसाठी आपल्या नैसर्गिक षड्जाच्या खाली गाऊ लागते, आणि दोन वर्षांत आवाजाची वरची बाजू गमावून बसते. मुलगा असून त्याचा आवाज फुटावयाचा असेल, तर वाद्य घेण्याची घाई न करणे उत्तम.

यासाठी मिरजेस जाण्यापूर्वी मुलीच्या शिक्षकांकडून तिची पट्टी ठरवून घ्यावी, कागदावर लिहून घ्यावी, आणि शक्य तर मुलीलाच बरोबर न्यावे. वाद्य मांडीवर अथवा शेजारी उभे धरून तिचा हात तारांवर सहज पोचतो की नाही, हे घरी आल्यावर पाहून काय उपयोग?

आता प्रत्यक्ष वाद्य. भोपळा हा तंबोऱ्याचा देह. तो खाण्याचा नव्हे, कडू जातीचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत तो मुद्दाम वाढवितात, वेलीवर तो कुजू नये म्हणून खाली गवत घालतात, मग महिनेच्या महिने वाळवितात. कापून, भिजवून, आतला गर काढून त्याला आकार दिला जातो. ज्या भोपळ्याची भिंत सर्व बाजूंनी सारखी जाड, तो उत्तम. बोटांनी हलकेच टिचक्या मारीत सभोवार फिरावे. एके ठिकाणी नाद टणक आणि दुसऱ्या ठिकाणी भसका येत असेल, तर रंगाखाली लुकण किंवा ठिगळ असण्याचा संभव आहे. नक्षीखाली चिरा लपतात, हे कारागीरही जाणतो. साधा, कमी रंगविलेला तंबोरा घेणाराला म्हणूनच लाभ होतो. पैसे कोरीव कामात न जाता लाकडात जातात. दांडी आणि वरची तबली बहुधा तुणाच्या लाकडाची. तबलीवरील लाकडाचे पदर सरळ आणि सारखे असावेत, मधे गाठ नसावी. दांडीचे टोक डोळ्याशी धरून नेम धरल्यासारखे खाली पाहावे. बाक असेल तर तत्काळ दिसतो. भोपळा आणि दांडी जेथे जुळतात तो गळा तर बारकाईने पाहावा. सर्व तारांचा ताण त्या सांध्यावर येतो.

घोडीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. पूर्वी ती सांबरशिंगाची असे, आणि सजावटीस हस्तिदंत लागे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी तो व्यापार बंद झाला. आता हाड, शिसवी लाकूड अथवा कृत्रिम द्रव्य वापरतात. ‘अस्सल शिंगाची’ म्हणून कोणी जादा पैसे मागेल तर त्याच्या नादी लागू नये.

या सर्वांनंतर कान. चार तारा असतात: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे मध्य षड्जाच्या, आणि चौथी खर्जाची, पितळेची. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात पहिली तार मध्यमावर आणतात. नवशिक्याचे लक्ष जोडावर असते, कारण त्या तारा स्पष्ट बोलतात. परीक्षा मात्र खर्जाने करावी. वाद्य कोणतेही असो, खालचा स्वर ही त्याची अवघड जागा होय. पाश्चात्त्यांच्या बास गिटारचे उदाहरण आहे. तिच्या सर्वांत जाड तारेला सेकंदास ४१ कंपने असतात, आणि विजेच्या साहाय्याविना लाकडी पेटीतून ती ऐकू यावी म्हणून कारागिरांनी पेटी किती मोठी केली, तरी माणसाच्या कवेत मावेल इतकीच ती होऊ शकते. तेवढ्या पोकळीतून इतका खोल नाद पुरेसा बाहेर पडत नाही. पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ कंपनांचा, बायकी तंबोऱ्याचा ११७च्या आसपास. भोपळ्यालाही तीच अडचण आहे. परंतु आपल्या कारागिरांनी तिच्यावर निराळाच तोडगा काढला. घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता ठेवला. कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, आणि मूळ स्वराबरोबर त्याच्या वरच्या स्वरांची रांगच्या रांग जागी होते. कान असा विलक्षण आहे की, वरची रांग नीट ऐकू आली म्हणजे खालचा मूळ स्वर दुबळा असला तरी तो मनात पुरा करून घेतो. हीच जवारी. तार जेथे छेडली तेथे ज्या वरच्या स्वराची स्थिर गाठ असते तो स्वर उमटू नये, असा युरोपीय शास्त्राचा नियम. तो तंबोऱ्याच्या तारेला लागू पडत नाही, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. मिरजेचा कारागीर हे सूत्र जाणत नव्हता; कानस मात्र त्याने बरोबर ठिकाणी थांबविली होती.

म्हणून खर्जाची तार एकटी छेडावी आणि घाई न करता ऐकावी. प्रथम षड्ज, मग त्यातून पंचम, आणि थोड्या वेळाने, कोणी न छेडलेला, गंधार वर तरंगून यावा. त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. जेथे तो सहज येतो तो तंबोरा जिवंत. पंचमाच्या तारेतून अशाच रीतीने ऋषभ डोकावतो, पण तो ओळखण्यास कान तयार लागतो. घोडीवर तारेखाली सरकविलेला सुताचा धागा केसभर पुढेमागे करून पाहावा. एका नेमक्या जागी नाद एकदम उघडला पाहिजे. धागा कोठेही असला तरी आवाज तसाच बोदा राहत असेल तर जवारी बरोबर नाही. आणि नुसती झिणझिण होऊन स्वरच हरवत असेल तर ती अती खुली आहे. दुकानदारास जवारी पुन्हा काढावयास सांगण्यात संकोच करू नये. तो त्यांच्या नित्याच्या कामाचा भाग आहे, आणि दुपारभर थांबावे लागले तरी मलकापूरहून आलेल्याला ती दुपार महाग नाही.

शेवटी खुंट्या. फिरविताना त्या करकरू नयेत, सोडल्यावर मागे येऊ नयेत. येथे हवामानाचाही विचार आहे. मिरजेच्या हवेत बसविलेले लाकूड वऱ्हाडच्या वैशाखात आकसते, खुंट्या ढिल्या पडतात. पावसाळ्यात त्याच फुगून जाम होतात. खुंटीला थोडा खडू लावला की बहुधा निभावते. वाद्य उन्हाच्या भिंतीला टेकून ठेवू नये, उन्हाळ्यात गवसणीत घालून घरातील थंड कोपऱ्यात उभे करावे, आणि पुष्कळ दिवस वाजवावयाचे नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात. आगगाडीत भोपळा जमिनीला टेकू देऊ नये. जागा नसेल तर तो माणसाच्या मांडीवरच यावा. जादा तारांचा एक संच आणि थोडा धागा गवसणीच्या खिशात घालूनच मिरज सोडावी.

जुना तंबोरा मिळत असेल तर? वाईट नाही. जुने लाकूड मुरलेले असते. परंतु कीड लागल्याची बारीक भोके, भोपळ्याची चीर आणि वाकलेली दांडी यांपैकी एक जरी दिसले तरी पाय मागे घ्यावा. घोडीवर तारांनी पाडलेल्या खाचा मात्र दोष समजू नयेत. त्या जवारी काढताना जातात.

विजेवर वाजणारी तंबोऱ्याची पेटी आता खिशातल्या फोनमध्येही आली आहे. प्रवासात ती सोयीची, आणि स्वर पडताळून पाहण्यास निःसंशय उपयोगी. पण तिला जुळवावे लागत नाही, आणि शिकणाऱ्याचे पहिले शिक्षण जुळविण्यातच असते. देऊळघाटच्या त्या घरी तंबोरा आला की पहिले काही दिवस वडिलांनी खुंट्यांना हात लावू नये. मुलीला अर्धा तास लागो, पाऊण तास लागो. तार तुटली तर गवसणीच्या खिशात दुसरी आहे. मणी खालीवर करीत, जोडाच्या दोन तारा एकीत एक मिसळेपर्यंत ती बसू दे. एका संध्याकाळी खर्ज छेडल्यावर ती थांबेल आणि स्वयंपाकघरात आईला विचारावयास जाईल की, गंधार कोणी लावला.