परड्यात चारा लावू, रानाचा हक्क सोडणार नाही
(सोलापूरच्या बैठकीत केलेलं बोलणं)



सोलापूरच्या माळावर पाऊस थोडा, चाराही थोडा. आपल्यातल्या पुष्कळांची जमीन कागदावर अजून अतिक्रमणच आहे. आजारपण आलं, लग्न निघालं की शेळी विकूनच आपण पैसा उभा करतो. मग रानात अडवलं, तर शेळीपुढं टाकायचं काय?

मोठ्या शेळीला दिवसाला ३-४ किलो हिरवा पाला लागतो. म्हणून आम्ही न्हाणीच्या सांडपाण्यावर रताळ्याचे वेल लावले. बांधाला शेवरी, हादगा, शेवगा लावला. रताळी आषाढीच्या उपासाला विकायची, शेवग्याची शेंग आपल्या कालवणाला, वेल अन् पाला शेळीला. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सुबाभूळ नुसतीच घालू नका. चाऱ्यात तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त झाली तर केस गळतात. पाण्याविना सुकलेली कोवळी ज्वारी तर घालूच नका. किराळ लागून शेळी बघता बघता मरते.

आता कुणी म्हणेल, "घरी चारा आहे, मग रान कशाला?" त्याला सांगा, परड्यावर दोन शेळ्या जगतील, दहा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये चराईचा हक्क लिहिलेला आहे. ग्रामसभेत सामूहिक दावा टाका. त्याला निदान दोन पुरावे लागतात. त्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. म्हातारी माणसं आहेत तोवर तो लिहून घ्या.

परडं आपलं, रानही आपलंच!