देवमाशांची हजेरी



विज्ञानलेखकांसमोरच्या अध्यक्षीय भाषणात वर्षभराच्या लेखनाचा आढावा घ्यावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. आज तो बाजूला ठेवतो. मला एकाच खाडीविषयी बोलायचे आहे आणि तिच्या आधाराने एकच मुद्दा मांडायचा आहे. ज्या कामातून दरवर्षी नवे काही निघेलच याची खात्री नसते, असे काम वर्षानुवर्षे न चुकता, त्याच पद्धतीने करत राहणे ही विज्ञानाची चैन नव्हे, तो विज्ञानाचा पाया आहे. आपल्या लेखनात मात्र या पायाला क्वचितच जागा मिळते. आपल्याला शोध हवा असतो, निदान मथळा तरी.

ही खाडी म्हणजे आग्नेय अलास्कातले ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान. अडीचशे वर्षांपूर्वी इथे बहुतेक बर्फच होता; हिमनदी मागे सरकत गेली आणि समुद्र आत आला. उद्यानालगतच्या गस्टाव्हस या वस्तीला आजही बाहेरून रस्ता नाही, बोटीने किंवा विमानानेच जावे लागते. हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात जवळजवळ उपाशी राहणारे हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात हजारो किलोमीटर पोहून इकडे येतात, ते हेरिंग, कॅपेलिन आणि क्रिल यांवर ताव मारायला. १९८५ पासून दर उन्हाळ्यात उद्यानाचे संशोधक छोट्या बोटीतून फिरून त्यांची हजेरी घेत आले आहेत. खोल बुडी मारण्याआधी देवमासा पाठीची कमान करतो आणि शेपटी वर उचलतो. तेवढ्या दोन-चार सेकंदांत तिच्या खालच्या बाजूचा फोटो मिळाला तर मिळाला. तिथले काळे-पांढरे ठसे, कडेचे खाचखळगे, किलर व्हेलच्या दातांचे समांतर ओरखडे यांवरून तो नेमका कोण हे ठरते. पिल्ले बऱ्याचदा शेपटी उचलतच नाहीत, मग पाठीवरच्या पराच्या आकारावर काम भागवावे लागते. वेळ, ठिकाण, सोबत कोण, पिल्लू आहे का, एवढे टिपायचे आणि पुढे निघायचे. यात थरार शोधणाऱ्याची निराशाच होईल.

पण ही नोंद नसते तेव्हा काय होते, हेही याच खाडीने दाखवले आहे. चार्ल्स जुरास नावाच्या, पेशाने शिक्षक असलेल्या गृहस्थाने १९७० च्या दशकात इथल्या देवमाशांना शेपटीवरून ओळखायला सुरुवात केली होती. १९७८ च्या उन्हाळ्यात देवमासे ऐन हंगामात खाडी सोडून गेले. पर्यटकांच्या जहाजांमुळे गेले, की खाद्य सरकले म्हणून? वाद रंगला, नियम झाले, पण ठाम उत्तर हाती आले नाही. कारण उघड होते. आधीच्या वर्षांची पुरेशी लांब, एका पद्धतीची नोंदच नव्हती. आता २०१४ ते २०१६ या काळाकडे पाहा. ईशान्य पॅसिफिकमध्ये सागरी उष्णतेची प्रचंड लाट आली आणि अन्नसाखळीच ढासळली. या खेपेला तीन दशकांच्या वह्या हाताशी होत्या. २०१३ ते २०१८ या काळात इथली संख्या ५६ टक्क्यांनी घसरली, पिल्ले जन्मणे जवळपास थांबले आणि जन्मलेली जगेनात, हे नुसत्या अंदाजाने नव्हे, तर ओळखीच्या एकेका देवमाशाच्या हजेरीवरून सांगता आले.

यावर आक्षेप येतो की देवमासे मेले कशावरून, दुसरीकडे गेले असतील. आक्षेप रास्त आहे, आणि एका खाडीपुरत्या नोंदीने तो पूर्ण मिटतही नाही. पण हे प्राणी वर्षानुवर्षे त्याच खाद्यक्षेत्रात परततात. शिवाय संपूर्ण उत्तर पॅसिफिकमधले शेपटीचे फोटो जुळवून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०१२ ची सुमारे ३३,५०० ही संख्या २०२१ पर्यंत सुमारे २६,७०० वर आल्याचे दिसले. दुसरीकडे गेले म्हणावे, तर ते ‘दुसरीकडे’ कुठे सापडत नाही. हे फोटो संगणकाने जुळवले, तेव्हा आता माणसांनी बोटीत कशाला भिजायचे, असेही विचारले जाते. संगणक जुळवतो, पण काय जुळवतो? कुणीतरी पावसात, धुक्यात काढून ठेवलेले फोटोच ना! कोणते यंत्र वापरावे हा तपशिलाचा प्रश्न आहे, मुद्दा खंड न पडण्याचा आहे.

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. मोजून तापलेला समुद्र थोडाच थंड होतो? होत नाही. पण २०१६ साली, उष्णतेची लाट चालू असतानाच, हवाईला जाणारे हंपबॅक अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून वगळले गेले. कागदावर ते सावरले होते, पाण्यात त्यांची उपासमार सुरू झाली होती. ही तफावत दाखवायला मोजदादच कामी आली. समुद्राचे तापमान उद्यानाच्या हातात नाही, जहाजांचा वेग आहे. २००१ साली प्रवासी जहाजाच्या धडकेने मेलेली गाभण मादी कोण, हे तिच्या शेपटीवरून कळले. १९७५ पासून ती ओळखीची होती. तिच्या मृत्यूला एका नगाऐवजी एका आयुष्याचे वजन आले ते त्या जुन्या फोटोमुळे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो, कारण हे सारे श्रीमंत देशाचे चोचले आहेत, असे इथे कुणाच्या तरी मनात असणारच. अरबी समुद्रातले हंपबॅक स्थलांतर न करणारे, जगापासून तुटलेले आणि अत्यंत थोडे आहेत. ओमानच्या पाण्यातला अंदाज शंभराच्याही आतला आहे. ओमानजवळ उपग्रह-खूण लावलेली ‘लुबान’ ही मादी २०१७ साली अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत येऊन गेली. गोव्याजवळच्या पाण्यात हंपबॅकचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आहे. सिंधुदुर्गच्या समुद्रात ब्राइड्स देवमासे दिसले आहेत. पण आपल्याकडची पाहणी बहुधा प्रकल्पाच्या मुदतीला बांधलेली असते. निधी संपला की वही मिटते. छोटी बोट, कॅमेरा आणि चार चिकाटीची माणसे हा खर्च राज्याला जड नाही. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की आपल्या नौका रोज समुद्रात जातातच. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. तांडेल आणि खलाशी यांना नोंदीत सामील करून घेण्याची वाट त्यातून अर्धी तयारच आहे. अडते ते सातत्यावर.

सातत्याची मागणी आधी आपल्या लेखणीपासून सुरू व्हावी. रेवदंड्याला २०१५ साली निळा देवमासा किनाऱ्याला लागला, गणपतीपुळ्याला २०२३ साली पिल्लू आले, तेव्हा बातम्यांत गर्दी आणि हळहळ भरपूर होती. यापुढे अशी बातमी लिहाल तेव्हा तारीख, नेमके ठिकाण, लांबी, नर की मादी आणि अंगावरच्या जखमा यांशिवाय ती छापू देऊ नका. शेपटीच्या खालच्या बाजूचा आणि पाठीवरच्या पराचा स्वच्छ फोटो मागा, जपून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच किनाऱ्यावर पुन्हा चौकशीला जा.