वेणुग्रामावरील राजवटी



बेळगावच्या किल्ल्यात एकाच तटाच्या आत कमल बस्ती आणि साफा मशीद उभ्या आहेत. त्यांच्या निर्मात्यांची राज्ये मात्र केव्हाच लयास गेली.

रट्ट राजा चौथा कार्तवीर्य वेणुग्रामाहून राज्य करीत असता त्याचा मंत्री बीचिराज याने शांतिनाथाचे जिनालय उभारले. त्याच्या योगक्षेमाचा इ. स. १२०४ चा शिलालेख महाजनांनी विशेष अभ्यासावा असा आहे. राजाने भूमी दिली, हे तर रीतीप्रमाणेच झाले. परंतु त्याचबरोबर स्थानिक व्यापारी, लाट देशाचे म्हणजे गुजरातकडील व्यापारी आणि मलयाळ प्रदेशाचे व्यापारी एकत्र जमले व आपापल्या मालावर त्यांनी देवस्थानासाठी लाग ठरवून दिला. लेख कन्नड भाषेत आहे, आणि हे सांगताना मराठी माणसाने संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. राजाचे दान राजाच्या सामर्थ्यावर विसंबून असते. पेठेने स्वेच्छेने बांधून घेतलेला लाग हा पेठेच्या नीतीवर.

पुढील चार दशकांच्या आतच देवगिरीच्या सिंघण यादवाच्या सेनापतीने रट्टांची सत्ता मोडली. योगायोग असा, की या सेनापतीचे नावही बीचण! यादवांनंतर बेळगाव विजयनगरच्या अंमलाखाली आले, आणि १४७२ मध्ये बहामनी वजीर महमूद गावान याने किल्ल्यास वेढा घातला. तटाखाली सुरुंग खणून त्यांत दारू भरून उडविण्यात आली. दक्षिणेत हे तंत्र तोवर अपरिचित होते. पण ज्या वजिराने बहामनी राज्य समुद्रापर्यंत पोहोचविले, त्यालाच १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने ठार करविले. शत्रूला जे साधले नाही ते दरबारातील द्वेषाने साधले. थोड्याच वर्षांत त्या राज्याची शकले झाली.

त्यांपैकी विजापूरच्या आदिलशाहीकडे बेळगाव गेले व असदखानाची जहागीर झाले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे साष्टीतील देव अंत्रुजात नेण्यात आले, तेव्हा अंत्रुजही याच आदिलशाहीत होते. १६८६ मध्ये विजापूर पडले. औरंगजेबाच्या पुत्रावरून बेळगावचे नाव आजमनगर ठेवले गेले; लोकांनी ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

मराठी अमलात निपाणीचे सिधोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजेच आप्पा देसाई, पेशव्यांचे सरलष्कर म्हणून उदयास आले. १८१८ च्या एप्रिलमध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. आप्पासाहेबांनी इंग्रजांशी जुळवून घेतले. तरी त्यांच्या पश्चात वारसाच्या प्रश्नावरून निपाणी खालसा झालीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही दोन्ही गावे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने त्याविषयी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या साऱ्या काळात कमल बस्तीच्या छतावरील दगडी कमळ जागच्या जागी आहे.