तंबू, टॉकीज आणि वाहनतळ

(धावडा, ता. भोकरदन, जि. जालना येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पुण्यात मंडईला जाणाऱ्या माणसाला गाडी कुठे लावली म्हणून विचारलं, तर तो सांगतो ‘आर्यनला’, नाहीतर ‘मिनर्व्हाला’. हे महापालिकेचे वाहनतळ. आर्यन म्हणजे पुण्यातलं पहिलं कायमचं सिनेमागृह. गंगाधरपंत पाठकांनी ते 1915 साली सुरू केलं, तेव्हा दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागून दोनच वर्षं झाली होती. 1983 मध्ये आर्यन गेलं. मिनर्व्हाही गेलं. नावं तेवढी वाहनतळांना चिकटून राहिली. आज तिथे स्कूटर लावणाऱ्या पोराला आर्यन हे कुणा नगरसेवकाच्या मुलाचं नाव वाटत असेल, तर त्यात त्याची काही चूक नाही.

आयोजकांनी मला विषय दिला तो बंद पडलेल्या चित्रपटगृहांचा. धावड्यात तो बोलायचा तर पुण्या-मुंबईच्या संगमरवरी जिन्यांपासून सुरुवात करून चालणार नाही. आपल्या खेड्यापाड्यांत सिनेमा आला तो कापडाच्या भिंतींतून. टूरिंग टॉकीज! सुगी आटोपली, जत्रांचे दिवस आले की ट्रक यायचे. ताडपत्रीचा लांबलचक तंबू, आत पडदा, बसायला जमीन, फार तर घरून आणलेलं पोतं. जनरेटर सुरू झाला की त्याच्या आवाजावरूनच गावाला कळायचं. दिवसभर भोंगा लावलेली गाडी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर फिरायची आणि नटाचं नाव असं काही लांबवून घ्यायची की नट स्वतः येतोय असं वाटावं. एकाच जत्रेत तीन-चार तंबू असले तर त्यांच्यात भोंग्यांची जुगलबंदी लागायची. आणि उघड्या मैदानावर फुकटचा खेळ असला तर पडद्याच्या मागच्या बाजूनेही माणसं बसलेली. त्यांना हिरो डावखुरा दिसायचा आणि अक्षरं उलटी. पण मारामारी दोन्हीकडून सारखीच दिसते.

या तंबूवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी एक माहितीपट केला, ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’. 2016 मध्ये कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. मला त्यात आवडतो तो प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीर. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं खोलली आणि शेवटी स्वतःच्या डोक्याने एक नवं यंत्र बनवलं. ते बनलं आणि तेवढ्यात रिळांचा जमानाच संपला. कान महोत्सवातल्या लोकांना तो कवितेसारखा वाटला असेल. मला तो आपल्याकडच्या मोटारी गुंडाळणाऱ्या मेकॅनिकसारखा वाटला. माल कालबाह्य झाला की हात कितीही चांगला असला तरी गिऱ्हाईक येत नाही.

तंबूनंतर पत्र्याची टॉकीज आली, मग पक्की. तालुक्याला एक, जिल्ह्याला चार-पाच. टॉकीजमध्ये बसायची जागा तिकिटावर ठरायची: पुढे बाकडी, मागे खुर्ची, वर बाल्कनी, बाजूला बायकांचा वेगळा भाग. देवळात कुणी कुठवर जायचं, पंगतीत कुणी कुठे बसायचं हे जिथे जन्मावर ठरत होतं, तिथे सात आण्यांचं तिकीट घेतलेल्या दोन माणसांना डोअरकीपर एकाच रांगेत ढकलायचा. याचं फार कौतुक करू नका, कारण पैसा कुणाकडे होता हेही जन्मावरच ठरायचं आणि बाल्कनीत कोण बसे ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दिवे गेल्यावर शेजारी कोण आहे हे विचारायची सोय नव्हती. गावगाड्यात अशा जागा फार थोड्या होत्या.

हा धंदा चालायचा कसा, हे पोरांना सांगायला हवं. फिल्म यायची ती पत्र्याच्या पेटीतून, बऱ्याचदा एसटीच्या टपावरून. ‘पेटी आली नाही’ म्हणजे खेळ रद्द. दोन टॉकीजमध्ये एकच प्रिंट असली तर एक माणूस सायकलवर रिळं घेऊन मधल्या मध्ये पळायचा, आणि तो पंक्चर झाला की इंटरव्हल लांबायचा. वर ऑपरेटर कार्बनच्या दोन कांड्या जुळवून ज्योत धरून बसायचा. त्याचा डोळा लागला की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिव्या यायच्या. 1975 मध्ये ‘जय संतोषी माँ’ला बायका चपला बाहेर काढून आत गेल्या. 1991 मध्ये ‘माहेरची साडी’ला गाड्या भरभरून माहेरवाशिणी आल्या. सिनेमा बरा होता की वाईट, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही, आणि मीही आज विचारत नाही.

मग हे मोडलं कशाने? लोक म्हणतात मोबाइलने. मोबाइल तर फार नंतर आला. 1982 ला रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ. गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर तीन सिनेमे बघितलेली पिढी इथे समोर बसलेली दिसतेय. 1987 ला ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारची सकाळ गेली. तरीही टॉकीज तगून होत्या. खरा घाव मला वाटतं सरकारी कागदावर बसला. 2001 मध्ये महाराष्ट्राने मल्टिप्लेक्ससाठी धोरण आणलं: पहिली 3 वर्षं करमणूक कर पूर्ण माफ, पुढची 2 वर्षं फक्त चौथा हिस्सा. मोठ्या शहरातल्या नव्या, वातानुकूलित, भांडवलवाल्या थिएटरला माफी, आणि तालुक्याच्या गळक्या टॉकीजला पूर्ण कर! धोरण आखणाऱ्यांचा हेतू नवी गुंतवणूक आणण्याचा होता, आणि ती आलीही. पण एकाच शर्यतीत एकाच्या पाठीवर पोतं ठेवायचं आणि मग तो मागे का पडला याची चर्चा करायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

त्यानंतर दहा-बारा वर्षांत रिळं गेली, डिजिटल आलं. पेटीचा त्रास संपला, पण नवं यंत्र घ्यायला पैसे हवे होते. 2020 च्या मार्चमध्ये कुलपं लागली आणि कित्येकांनी ती परत उघडलीच नाहीत. शिवाय जमीन. टॉकीज बांधली तेव्हा ती गावाबाहेर होती. गाव वाढत वाढत तिच्याभोवती आलं आणि ती भर बाजारात सापडली. आठशे खुर्च्यांपैकी साठ भरतात, आणि बाहेरच्या चौरस फुटाचा भाव मालकाला रोज कुणीतरी येऊन सांगतो. त्यात चित्रपटगृह पाडायचं तर नव्या इमारतीतही चित्रपटगृहाला जागा ठेवायची, अशी अट आपल्याकडे आहे. अट चांगल्या मनाने घातली आहे. परिणाम मात्र असा की जिथे मालकाला थिएटर चालवायचंच नाही तिथे तो ते पाडतही नाही आणि उघडतही नाही. कुलूप, वर वाढलेला पिंपळ, दर्शनी काचेत कुठल्यातरी जुन्या सिनेमाचा अर्धा फाटलेला पोस्टर. तुमच्या डोळ्यांसमोर आत्ता एखादी इमारत आली असेलच.

पाडलेल्यांचं काय झालं? मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 14 मार्च 1931 ला ‘आलम आरा’ लागला, देशातला पहिला बोलपट. त्या जागी आता शॉपिंग सेंटर आहे. पण त्या टॉकीजशेजारी केशवराव कोठावळ्यांनी पुस्तकांचा स्टॉल टाकला होता, त्याचं नाव पडलं मॅजेस्टिक. तो पुढे मराठीतला मोठा प्रकाशक झाला. सिनेमा गेला, पुस्तकवाला राहिला. ज्यांना पुस्तकं मेली असं वाटतं त्यांना हे सांगत जा. दादरच्या कोहिनूरला 1971 मध्ये दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ लागावा म्हणून केवढं रण माजलं होतं. तिथेही नंतर मॉल उभा राहिला. आणि मराठवाड्या-खानदेशात, विदर्भात? तिथे बहुतेक टॉकीजची झाली मंगल कार्यालयं. खुर्च्या काढल्या, उतार भरून घेतला, पडद्याच्या जागी स्टेज आलं, झालं. याकडे मी परत येणार आहे.

आधी जीर्णोद्धाराचं. अजिंठ्याची लेणी इथून जवळ, म्हणून तिथलीच गोष्ट सांगतो. 1920 ते 1922 च्या दरम्यान निजाम सरकारने चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणवले, लॉरेन्झो सेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले. ते काम मोलाचं होतं. पण त्यांनी वरून लाखेचं वॉर्निशही दिलं. सुरुवातीला चित्रं चकाकली, मग वॉर्निश पिवळं पडत गेलं, त्यावर काजळी धरली, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तोच थर जपून काढत बसावं लागलं. जुन्या टॉकीजविषयी जे हळवं लिहिलं जातं ते वाचताना मला त्या वॉर्निशची आठवण होते. वाहनतळाचं मला वाईट वाटत नाही. मंडईला वाहनतळ लागतोच. इमारतीचा उपयोग काय, रोज तिथे कोण येणार, वीजबिल कोण भरणार, हे न विचारता नुसती आठवण चोपडली तर इमारत वाचत नाही.

ज्या वाचल्या त्यांचा हिशेब बघा. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचं उद्घाटन 1911 मध्ये पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते झालं. आधी नाटकं, मग सिनेमे, 1993 ला बंद. गोंडलच्या राजघराण्याची मालकी, आभा नारायण लांबा यांच्यासारख्या वास्तुविशारद, वर्षानुवर्षांचं काम, आणि 2016 मध्ये ते उघडलं. पुढच्याच वर्षी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पण ते उघडलं ते मुख्यतः संगीत, नाटक आणि समारंभांसाठी. चर्चगेटचं इरॉस 1938 चं. ते 2017 ला बंद झालं आणि 2024 मध्ये पुन्हा सुरू झालं. मूळच्या हजारावर खुर्च्यांच्या जागी आता सुमारे 300 खुर्च्यांचा एक आयमॅक्स पडदा आहे, उरलेली इमारत दुकानांना. पुण्याचं प्रभात 1934 मध्ये ‘अमृतमंथन’ने सुरू झालं, दामले कुटुंबाने ते डिसेंबर 2014 पर्यंत चालवलं, मग जागा मूळ मालक किब्यांकडे गेली आणि किबे लक्ष्मी या नावाने पडदा पुन्हा उजळला. परदेशातही निराळं काही नाही. ब्युनोस आयर्समध्ये 1919 चं एक भव्य नाट्यगृह, नंतर सिनेमागृह, 2000 पासून पुस्तकांचं दुकान झालं. रंगमंचावर लोक कॉफी पितात, बॉक्समध्ये बसून वाचतात. भरवस्तीत, पर्यटकांच्या रस्त्यावर, श्रीमंत मालकाला हे जमतं. आणि चर्चगेटला जर हजाराच्या तीनशे होतात, तर तालुक्याच्या गावी आठशे खुर्च्यांची टॉकीज जशीच्या तशी परत उभी करा म्हणणाऱ्याने आधी स्वतः रोज तिकीट काढावं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. टॉकीजची इमारत आपल्याला परत नको आहे. चारचौघांत बसून एक गोष्ट बघण्याची संध्याकाळ परत हवी आहे. तिला शंभर-दीडशे खुर्च्या पुरतात. आणि तेवढा हॉल आपल्याकडे आहे! टॉकीजची मंगल कार्यालयं झाली ना? आता उलटा प्रवास करू. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी लग्नाच्या तिथी नसतात. मंगल कार्यालयाचा मालक चार महिने फरशी पुसत बसतो. पावसाळ्यात शेतीची घाई असते हे मला कळतं, पण पोळ्यानंतर, नवरात्रापर्यंत, संध्याकाळी सहाला हॉल रिकामाच असतो. तंबूही नव्या रूपात परत आला आहे. पिक्चरटाइम नावाच्या कंपनीने हवा भरून उभी राहणारी वातानुकूलित सिनेमागृहं बनवली; त्यातलं एक 2021 मध्ये लेहला साडेअकरा हजार फुटांवर उभं राहिलं. लेहला जमतं तर भोकरदन तालुक्याला उंचीची अडचण नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्क्यांवर आला आहे, म्हणजे हिशेब थोडा आपल्या बाजूला झुकला आहे.

दोन गोष्टी मात्र आडमार्गाने करायच्या नाहीत. एक, पेनड्राइव्हवर आणलेला चोरीचा सिनेमा दाखवायचा नाही; हक्क घ्यायचे आणि प्रशासनाचा रीतसर परवाना घ्यायचा. दुसरी, दारं. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातल्या आगीत 59 माणसं गेली, त्यातली बरीचशी धुराने, कारण बाहेर पडायच्या वाटा अडवलेल्या होत्या. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेली ती 1915 ची वास्तू. त्या वेळी आत प्रयोग नव्हता, म्हणून आपण फक्त इमारतीबद्दल हळहळलो. लग्नाच्या हॉलला एक मोठं दार आणि मागे स्वयंपाकघर असतं. तिथे सिनेमा दाखवायचा तर मागचं दार मोकळं हवं, गॅसच्या टाक्या बाहेर हव्यात.

आणि खेळाची वेळ. जुन्या टॉकीज बायकांसाठी वेगळा भाग ठेवायच्या, पण त्या भागाला धड मुतारी नसायची; म्हणून कित्येक बायका इंटरव्हलमध्ये पाणी प्यायच्या नाहीत. पुन्हा सुरू करताना खर्चाच्या यादीत पडदा आणि आवाज यांच्या आधी स्वच्छतागृह लिहा. पहिला खेळ दुपारी साडेचारचा ठेवा, सातच्या आत माणूस घरी पोचेल असा. रात्री नऊचा ठेवलात तर हॉल भरेल, पण पुरुषांनीच.

माझं एवढंच. प्रश्न असतील तर विचारा, आणि मंगल कार्यालयाचे मालक कुणी आले असतील तर त्यांनी आधी विचारावेत.